उपग्रहाचे चित्र आणि गावची शिवारफेरी

पृथ्वीचा गोल पडद्यावर फिरवावा, हवे तेथे खाली उतरावे आणि आपले गाव, आपली विहीर, इतकेच काय पण बांधावरचे आंब्याचे झाडही ओळखून काढावे, अशी सोय आज ज्याच्या हाती चांगल्यापैकी भ्रमणध्वनी आहे त्या प्रत्येकास मिळालेली आहे. ‘गूगल अर्थ’ हे तिचे सर्वांस परिचित असलेले रूप. आपल्या भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने सिद्ध केलेले ‘भुवन’ हे दुसरे. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याने ही सोय कशी वापरावी याविषयी आपल्यातच दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे की, एवढे स्पष्ट चित्र कचेरीत बसून दिसत असता उन्हातान्हात शिवार तुडविण्याचे प्रयोजन उरलेले नाही. दुसरे मत असे की, हा मुलांच्या करमणुकीचा प्रकार असून शेतीच्या कामी त्याचा उपयोग शून्य. दोन्ही मते मला चुकीची वाटतात. त्यांतले पहिले अधिक घातक वाटते, कारण त्याच्या आधारे कामे काढली जातात व सार्वजनिक पैसा खर्ची पडतो.

पाणलोटाच्या कामांचा आराखडा अगोदर तालुक्याच्या ठिकाणी तयार व्हावा आणि ग्रामसभेपुढे तो केवळ हात वर करण्यापुरता यावा, असे जेथे जेथे घडते तेथे उपग्रहाचे चित्र हे गावाला बाजूस सारण्याचे साधन ठरते. तेच चित्र गावापुढे आधी ठेवले तर गावातला निरक्षर म्हातारासुद्धा अधिकाऱ्याशी बरोबरीने वाद घालू शकतो. यास्तव माझे स्पष्ट मत असे आहे की, चित्र प्रथम गावाने पाहावे, त्यानंतर शिवारफेरी व्हावी, आणि आराखड्यावरची पहिली रेघ त्याच्याही नंतर ओढली जावी. हे मत मांडताना चित्राचे सामर्थ्य कोठवर आहे आणि ते कोठे संपते, हे दोन्ही सांगणे अवश्य आहे.

उपग्रहाचे चित्र म्हणजे लहान लहान चौकोनांची गोधडी असते. प्रत्येक चौकोनास एकच रंग मिळतो. त्या चौकोनाच्या आत काय काय आहे हे वेगळे करून सांगता येत नाही. चौकोन जेवढा लहान तेवढे चित्र बारीक. आपला पहिला कार्यक्षम दूरसंवेदन उपग्रह, आयआरएस-१ए, १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा चौकोन साडेबाहत्तर मीटर लांबीरुंदीचा होता, म्हणजे क्षेत्राने सुमारे बावन्न गुंठे. एक एकर बारा गुंठ्यांत एकच ठिपका. अमेरिकेने लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह १९७२ मध्ये सोडला, आणि त्या मालिकेतील पुढच्या उपग्रहांचा तीस मीटरांचा चौकोन सुमारे नऊ गुंठ्यांचा भरतो. युरोपीय संस्थांनी २०१५ पासून सोडलेल्या सेंटिनेल-२ या उपग्रहांचा सर्वांत बारीक चौकोन दहा मीटरांचा आहे. आपली मोजणीची जुनी साखळी तेहतीस फुटांची, म्हणजे दहा मीटर आणि वर सहा सेंटिमीटर; आणि साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. त्या शास्त्रज्ञांना आपल्या गुंठ्याची खबरही नसेल, पण त्यांचा चौकोन आपल्या गुंठ्यावर जवळजवळ नेमका येऊन बसला आहे. गावात ही गोष्ट समजावून सांगताना ‘एक ठिपका, एक गुंठा’ एवढे म्हटले तरी पुरते.

पृथ्वीगोलाच्या पडद्यावर अगदी जवळून जे चित्र दिसते ते याहूनही बारीक असते. बहुतेक ठिकाणी ते खाजगी उपग्रहांनी घेतलेले असून त्याचा चौकोन अर्ध्या मीटराच्या आसपास असतो. एका गुंठ्यात असे चारशे चौकोन मावतात. विहिरीचा कठडा, बैलगाडीची चाकोरी, कडब्याची गंजी ही सर्व त्यात दिसतात ती यामुळे. अशी चित्रे जोडून पृथ्वीचा अखंड गोल दाखविणाऱ्या संगणक-आज्ञावल्या अमेरिकेच्या नासा या संस्थेने २००४ मध्ये आणि गूगल कंपनीने जून २००५ मध्ये लोकांस मोकळ्या केल्या. ऑगस्ट २००९ मध्ये ‘भुवन’ आले; ते हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडून चालविले जाते आणि भूवापर, पडीक जमीन असे विषयवार नकाशेही त्यावर पाहावयास मिळतात. इतिहास एवढाच पुरे. आपल्याला काम शिवाराचे आहे.

सर्वांत मोठा गैरसमज असा की, पडद्यावर दिसते ते या घटकेचे दृश्य आहे. एका गावी चित्र दाखविले असता एका शेतकरी बंधूंनी विचारले, “साहेब, मग माझी म्हैस आत्ता कोणाच्या रानात शिरली आहे ते पाहून सांगा.” सभेत हशा पिकला, पण प्रश्न अत्यंत योग्य होता, कारण शिकलेसवरलेले लोकही मनातून तसेच समजत असतात. गोलावरील चित्र हे निरनिराळ्या दिवशी घेतलेल्या तुकड्यांची जोड असते. गावाचा पूर्वेकडचा भाग एका वर्षीच्या फेब्रुवारीतला, तर पश्चिमेकडचा त्याआधी दोन वर्षांच्या नोव्हेंबरातला असू शकतो. संगणकावरील आज्ञावलीत चित्राच्या कडेला तारीख लिहिलेली असते. ती प्रथम वाचावी आणि मगच चित्र वाचावे. तारीख न पाहता काढलेला निष्कर्ष टाकाऊ समजावा.

तारखेशी निगडित अशी आणखी एक गोष्ट आहे. साध्या कॅमेऱ्याला ढगांच्या आरपार दिसत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाश ढगाळ असते, म्हणून गोलावरची बहुतेक स्वच्छ चित्रे पावसाळा सरल्यानंतरची, पुष्कळदा उन्हाळ्याची असतात. ज्या हंगामात आपल्या जमिनीवरून पाणी वाहते आणि माती वाहून जाते, नेमका तोच हंगाम चित्रात बहुधा नसतो. ढगांतून पाहू शकणारे रडारचे उपग्रह आहेत, परंतु त्यांची चित्रे वाचणे हे तज्ज्ञाचे काम होय. मे महिन्यातल्या चित्रात उघडीबोडकी दिसणारी एखादी पट्टी पडीक आहे की भरपूर खरीप पिकवून विसावलेली आहे, हे त्या चित्रावरून कळणार नाही. ज्वारीची काढणी झालेले रान आणि वर्षानुवर्षे नांगर न लागलेला माळ हे दोन्ही त्या दिवसांत सारखेच भुरे दिसतात.

नवख्या माणसास चित्र वाचताना एक विलक्षण फसगत अनुभवास येते; नाला उंच धारेसारखा आणि टेकडी खड्ड्यासारखी दिसू लागते. याचे कारण उन्हात आहे. हे उपग्रह साधारणपणे सकाळी साडेदहाच्या सुमारास आपल्यावरून जातात. त्या वेळी, विशेषतः हिवाळ्यात, सूर्य आग्नेयेस असतो आणि सावल्या वायव्येस पडतात, म्हणजे नकाशावर वर व डावीकडे. माणसाच्या डोळ्याला मात्र वरून येणाऱ्या उजेडाची सवय असते. तो सावली खाली पडली असे धरून चालतो आणि उंचसखल उलटे समजतो. उपाय सोपा आहे. गोल फिरवून दक्षिण दिशा वर आणावी. कागदावर छापलेले चित्र असेल तर कागदच उलटा धरावा. टेकडी पुन्हा टेकडी होते. तेवढ्यानेही समाधान झाले नाही तर उपनाल्यांकडे पाहावे. झाडाच्या फांद्या खोडाला मिळाव्यात तसे ते मुख्य नाल्यास मिळतात, आणि खोड ज्या बाजूस जाड होत जाते त्या बाजूस पाणी वाहते. संगणकावर उंची तिप्पट करून दाखविण्याचीही सोय आहे. आपल्या सपाट शिवारांसाठी ती फार उपयोगी पडते.

आता या साधनाचा खरा गुण सांगतो. गावचा नकाशा शिवेपाशी संपतो. पलीकडे कोरा कागद असतो. पाणी शिवेपाशी थांबत नाही. आजवर आपण गावनिहाय आराखडे करीत आलो आणि वरच्या गावाने नाल्यावर काय केले, खालच्या गावाच्या विहिरी कोणत्या पाण्यावर चालतात, हे पाहावयाचे तर तीन-चार गावांचे नकाशे मागवून, एका मापात आणून जोडावे लागत. ते क्वचितच घडे. पृथ्वीगोलाला शीवच नाही. पाणलोटाच्या माथ्यापासून निघावे आणि पाण्याच्या थेंबाबरोबर नदीपर्यंत खाली जावे. वाटेत पाच गावे लागली तरी चित्र तुटत नाही. ‘माथा ते पायथा’ हे शब्द आपण २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाच्या आधीपासून उच्चारीत आहोत, पण माथा अनेकदा दुसऱ्याच गावच्या हद्दीत, काही ठिकाणी वनखात्याच्या हद्दीत असतो. त्याला डोळ्यांनी पाहिल्याखेरीज गावकऱ्यांस ही अडचण पटत नाही. चित्र पाहिल्यावर पटते, असा माझा अनुभव आहे. वरच्या व खालच्या गावांची मंडळी एकाच पडद्यापुढे बसली म्हणजे ‘तुमचा बंधारा, आमचा बंधारा’ ही भाषा निदान त्या संध्याकाळपुरती तरी मवाळ होते.

दुसरा गुण म्हणजे जुनी चित्रे. २००९ पासून गूगलच्या गोलावर मागील वर्षांची चित्रे पाहण्याची सोय आहे. कडेची खूण सरकविली की तेच शिवार दहा-पंधरा वर्षांपूर्वी कसे होते ते दिसते. याहून मागे जावयाचे असल्यास १९८४ पासूनची तीस मीटरांची चित्रे आहेत. ती भरड असली तरी धरणे आणि जंगले पाहण्यास पुरेशी आहेत. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यातील मांजरा जलाशय आणि त्याच वर्षीच्या चांगल्या पावसानंतर भरलेला मांजरा जलाशय अशी दोन चित्रे शेजारी ठेवून शाळेतील मुलांस दाखवावीत; पाण्याच्या ताळेबंदावर दिलेल्या व्याख्यानापेक्षा ती अधिक सांगून जातात. आपल्या गावापुरते पाहावयाचे तर पाझर तलावाच्या वरच्या अंगास गाळाची जीभ कशी पुढे सरकत आली, नाल्याचे पात्र बाजूच्या शेतांनी किती खाल्ले, गायरानावरची झाडे कोणत्या वर्षांच्या दरम्यान नाहीशी झाली, हे सर्व त्या चित्रांत नोंदलेले असते. या नोंदीने काही मंडळी अस्वस्थ होतील. जेथे फलक आहे, देयक निघालेले आहे, पण तारखेनंतरच्या चित्रात बंधारा नाही, तेथे गावाने विचारणा करावी, आणि आपण कार्यकर्त्यांनी तिचा राग मानू नये. मात्र दगडी बांध, छोटे चर अशी लहान कामे चित्रात दिसतीलच असे नाही, झाडीखाली तर मुळीच दिसत नाहीत. म्हणून कोणावर आरोप करण्याआधी त्या जागी जाऊन उभे राहावे, एवढे पथ्य गावानेही पाळावे.

चित्रात दिसते ते पाणी कोणाचे, हा प्रश्न मात्र चित्र कधीच सोडवीत नाही. नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील फळबागांच्या पट्ट्यांत उतरून पाहावे. गडद निळे, आखीव कडांचे चौकोन शेकड्यांनी दिसतात. ती प्लास्टिकचे अस्तर लावलेली शेततळी होत. मागील वर्षांच्या चित्रांशी तुलना केली तर त्यांची वाढही दिसते. पाहणारा म्हणेल, काय ही समृद्धी! परंतु त्यांतील किती तळी पावसाच्या वाहत्या पाण्याने भरली आणि किती तळी विहिरी व कूपनलिका उपसून भरली, हे आकाशातून कळत नाही. अस्तरामुळे त्या तळ्यातले पाणी जमिनीत मुरत नाही. उन्हाळ्यात त्याची वाफ तेवढी होते. शेजारच्या अल्पभूधारकाची विहीर जर त्या उपशाने डिसेंबरातच तळाला गेली असेल, तर चित्रात तिचा कठडा पूर्वीसारखाच गोल व सुबक दिसेल. फळबागा वाचविण्यास तळे उपयोगी पडते, हे मी नाकारीत नाही. पण चित्रातील निळा रंग मोजून ‘तालुक्यात पाणी वाढले’ असा अहवाल लिहिणे हे माझ्या मते अज्ञान आहे.

विहिरीच्या जागेविषयीही असेच तारतम्य हवे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या कातळाचा. पाणी साठते ते झिजलेल्या व भेगाळलेल्या थरांत. चित्रात कधी कधी रानातून सरळ गेलेली हिरवी रेघ दिसते, ती जमिनीखालच्या भेगेची सूचक असू शकते. धुळे व नंदुरबार भागांत कातळाच्या भिंतीसारख्या कित्येक किलोमीटर लांब सरळ रांगा गोलावरून स्पष्ट दिसतात. भूशास्त्रज्ञ त्यांस डाइक म्हणतात. अशी भिंत भूजल अडविते, तर कधी तिच्या कडेच्या भेगांतून ते वाहूनही जाते. यांपैकी काय घडत आहे हे पाहणे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या माणसाचे काम. चित्रावर बोट ठेवून कोणी विहिरीची जागा सांगू लागला, तर त्याची गणना नारळ घेऊन फिरणाऱ्या पानाड्यांतच करावी. फरक एवढाच की याचा नारळ महाग आहे.

चर आणि बांध यांच्या आखणीविषयी तर कडक शब्दांत सांगणे भाग आहे. गोलावर एखादी रेघ ओढली की तिच्या उंचसखलपणाचा आलेख क्षणात उमटतो. तो पाहून मोह होतो. परंतु त्या उंचीचा एक मुख्य आधार म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने केलेली मोजणी; तिचा बारीकात बारीक चौकोन तीस मीटरांचा आहे. नऊ गुंठ्यांच्या तुकड्यास उंचीचा एकच आकडा, आणि तोही काही मीटरांनी इकडेतिकडे असू शकणारा! सलग समतल चराची पातळी वीतभर चुकली तरी पाणी एका टोकाला धावते, चर फुटतो आणि जेथे माती अडवावयाची तेथेच घळ पडते. टेकडीचा एकंदर उतार कोणीकडे आहे, कोणत्या भागात चर आणि कोणत्या भागात बांध यावेत, एवढे गोलावरून ठरविता येते. त्यापुढची आखणी हायड्रोमार्करने, ए-फ्रेमने किंवा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने जमिनीवरच केली पाहिजे. त्या लाकडी ए-फ्रेमला किंमत फार पडत नाही, आणि तिला विजेचीही गरज नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहिण्याची निकड वाटली तिच्याकडे येतो. गावोगावी तरुण मंडळी भ्रमणध्वनीवर उपग्रहाचे चित्र काढतात, त्यावर गटनकाशाच्या रेघा चढवितात आणि वडिलांस दाखवितात की, ‘पाहा, शेजाऱ्याने आपला बांध कोरला.’ माझ्या कार्यक्षेत्रातील एका गावी दोन चुलत घरांमध्ये यावरून पेरणीच्या तोंडावर हातघाई झाली. औताच्या मागे चालत असता तीस वर्षे ज्यांनी एकमेकांच्या घागरीतले पाणी प्यायले, त्यांनी आपापली बैलजोडी सोडली आणि पोलीस ठाण्याची वाट धरली. पुढे भूमि अभिलेख खात्याची रीतसर मोजणी झाली. बांध जेथे होता तेथेच निघाला. पेरणीचा वाफसा मात्र दोन्ही घरांचा गेला.

हे का होते ते नीट समजून घ्यावे. गोलावरील चित्र जमिनीवर नेमके जेथे बसावयास हवे तेथून काही मीटर सरकलेले असू शकते. डोंगराळ भागात अधिक. एकाच जागेची दोन वर्षांची चित्रे आळीपाळीने पाहिली तर तोच रस्ता, तेच देऊळ किंचित उडी मारताना दिसते. भ्रमणध्वनीस स्वतःची जागा कळते तीही मोकळ्या आकाशाखाली सुमारे तीन ते पाच मीटरांच्या फरकाने. आणि जो गावनकाशा त्यावर चढवावयाचा, त्याचा पाया पुष्कळ गावांत एकोणिसाव्या शतकातील साखळीच्या मोजणीचा आहे. कागद आटला, घड्या पडल्या, प्रतीवरून प्रत निघाली. या तिन्ही गोष्टी एकावर एक ठेवून बांधाचा निवाडा करावयाचा म्हणजे काय, याचा हिशोब करू. दोनशे मीटर लांबीच्या बांधावर रेघ पाच मीटर सरकली तर एक हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे जमीन एका घरातून दुसऱ्या घरात गेल्यासारखी दिसते. दहा गुंठ्यांसाठी आपल्याकडे काय काय घडते ते मी सांगावयास नको. सबब, उपग्रहचित्र हा हद्दीचा पुरावा समजू नये. हद्द ठरविणे हे रीतसर मोजणीचे काम. अलीकडे ती उपग्रहांच्याच साह्याने चालणाऱ्या रोव्हर यंत्रांनी होते, पण ती यंत्रे निराळी आणि त्यांची अचूकताही निराळी. ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने तर कोणाच्याही आग्रहास्तव पडद्यावर बांध दाखविण्याचे साफ नाकारावे. एकदा साहेबांनी दाखविले असे झाले की ते बोलणे वर्षानुवर्षे गावात फिरत राहते.

पिकाच्या पाहणीविषयी थोडक्यात. हिरव्या निरोगी पानातील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते आणि पानाची आतील रचना डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोहोंच्या तुलनेवरून पिकाचा जोम उपग्रहाला ताडता येतो. सेंटिनेल-२ च्या जोडीची फेरी आपल्यावर पाच दिवसांनी होते, ढग नसले म्हणजे दृष्टी पडते. ऊस किंवा हरभरा यांच्या सलग मोठ्या क्षेत्रात कोठे पीक मागे पडले आहे हे यावरून लवकर लक्षात येते. पण येथेही गुंठ्याचा हिशोब विसरू नये. भावाभावांत वाटण्या होऊन ज्या रानाच्या दहा-दहा मीटरांच्या पट्ट्या झाल्या, त्यांतील बहुधा एकही चौकोन निखळ एका मालकाचा नसतो. त्यात बांधाचे गवत आणि शेजाऱ्याची तूर मिसळलेली असते. पट्टीवाल्या शेतकऱ्याने आपल्या पिकाचा न्याय या ठिपक्यांवर सोपवू नये. स्वतः फिरून, पान उलटून पाहावे. पीक मागे पडले हे चित्र सांगेल. त्यास पाणी कमी पडले, की मावा लागला, की पाणथळीने मुळे कुजली, हे सांगणार नाही.

तर मग करावे कसे? चैत्र-वैशाखात, कामे थोडी सैल असताना, आपल्या पाणलोटाचे चित्र शाळेच्या भिंतीवर किंवा ग्रामपंचायतीच्या पडद्यावर सायंकाळी दाखवावे. तोपर्यंत कोणतीही कामे त्यावर आखलेली नसावीत. कोरेच चित्र आणावे. आधी आखलेल्या रेघा दिसल्या की लोक गप्प बसतात आणि आपल्याला ते संमती वाटते. प्रथम प्रत्येकास आपले घर व आपले रान शोधू द्यावे, त्यात अर्धा तास गेला तरी चालेल. मग प्रश्न विचारावेत. या नाल्यास कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असते? हा ओघळ पूर्वी कोठून जात होता? कोणती विहीर शेवटी आटते? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा पुरुषांच्या रांगेतून येत नाही. उन्हाळ्यात हंडे घेऊन जी विहीर ज्यांनी गाठली, त्या भगिनींना ते ठाऊक असते. म्हणून सभेची वेळ त्यांना सोयीची ठेवावी. मेंढपाळ व गुराखी यांस मुद्दाम बोलवावे. अशाच एका सभेत, नाला अरुंद होऊन वर पसरट बशीसारखी जागा असलेले ठिकाण चित्रात फार चांगले दिसत होते, आणि साठवण बंधारा तेथेच व्हावा असे सर्वांस वाटत होते. एक वृद्ध मेंढपाळ म्हणाले, “तिथं पाणी रातोरात पिऊन टाकतंय रान.” दुसऱ्या दिवशी फेरीत पात्र उकरून पाहिले तर खाली भेगाळलेला मुरूम. साठवणीला ती जागा निरुपयोगी होती. पाझरासाठी मात्र तिच्याइतकी चांगली जागा त्या शिवारात दुसरी नव्हती, कारण खालच्या अंगास गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीर होती. तेथे पाझर तलाव घेण्याचे ठरले. चित्राने जागा दाखविली आणि मेंढपाळाने तिचा गुण सांगितला.

सभेनंतर चित्राची छापील प्रत सोबत घेऊन माथ्यापासून चालण्यास सुरुवात करावी. प्रतीवर उत्तर दिशा, तारीख आणि माप लिहिलेले असावे. जेथे चित्र व जमीन जुळत नाहीत तेथे जमीन खरी धरून पेन्सिलीने दुरुस्ती करावी. परतल्यावर प्रत्येक ठिकाण गोलावर खुणेने नोंदवावे आणि खुणेला गावातले नाव द्यावे. गोलावर आपल्या गावाचे नाव असते, तेही पुष्कळदा चुकीच्या अक्षरांत. पण चिंचेचा ओढा, बाभूळबन, थोरली पट्टी, भुताचा माळ ही नावे त्यावर नसतात. ती म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत आणि त्यांच्याबरोबर जात आहेत. खुणेच्या टिपणात विहिरीची खोली, पाणी टिकण्याचा महिना, बंधाऱ्यातील गाळ काढल्याचे वर्ष असे दोन ओळींत लिहिता येते. या सर्व खुणांची मिळून एक छोटी नोंदफाईल तयार होते. तिला जागा एखाद्या छायाचित्राहूनही कमी लागते आणि ती कोणत्याही संगणकावर उघडता येते.

आपल्या सेवेत दर काही वर्षांनी बदली ठरलेली. बदलीच्या वेळी जडवस्तूंची यादी, नोंदवह्या, शिक्के यांचा कार्यभार रीतसर दिला जातो. शिवाराविषयी जे शिकलो ते मात्र आपल्याबरोबर निघून जाते आणि नवा कार्यकर्ता पुन्हा पहिल्या ओघळापासून विचारू लागतो. ही फाईल कार्यभाराच्या यादीत घालावी, एक प्रत ग्रामपंचायतीच्या संगणकावर आणि एक गावच्या शाळेत ठेवावी, आणि दर वर्षी शिवारफेरीनंतर तीत त्या वर्षाची भर घालावी.